बुद्धिबळाच्या पटावरचे दाणे : एक दुरुस्ती

(या आठवड्याच्या भागाचं हे लिखित रूप. बोलताना झालेली पुनरुक्ती काढून टाकली आहे. आकडे मात्र सगळे कागदावर पुन्हा करून मगच इथे घातले आहेत. का, ते लगेच कळेल.)

आज खरं तर दुसराच विषय ठरला होता, टिपणंही तयार होती. पण मधेच एक मेल आली आणि ती वाचल्यावर आधी ही दुरुस्ती करणं भाग आहे असं वाटलं.

मागच्या भागात मी बुद्धिबळाच्या पटाची गोष्ट सांगितली होती. तुम्हाला ती लहानपणापासून माहीत असणार. राजा खेळावर खूश होतो आणि खेळ शोधणाऱ्याला म्हणतो, माग काय हवं ते. तो म्हणतो, फार नको महाराज, पहिल्या घरात एक दाणा ठेवा, दुसऱ्यात दोन, तिसऱ्यात चार, असं दुप्पट करत ६४ घरं भरा. राजा हसतो, आणि मग कोठारं रिकामी होतात. ही गोष्ट सांगून मी मोठ्या ऐटीत एकूण दाण्यांचा आकडा वाचून दाखवला होता. रेकॉर्डिंगच्या आधी दोन मिनिटांत स्प्रेडशीटमध्ये काढलेला आकडा. तो असा होता :

१,८४,४६,७४,४०,७३,७०,९६,००,०००

तो चूक होता.

चूक पकडली एका श्रोत्या बाईंनी. सांगलीकडच्या आहेत, शाळेत गणित शिकवायच्या, आता निवृत्त झाल्यात. नाव घेऊ नका म्हणाल्या, म्हणून मी इथे त्यांना नुसतं बाई म्हणतो. शाळेत आपण बाईंना बाईच म्हणायचो, तेव्हा ते बरंच आहे. त्यांच्या मेलमधलं पहिलंच वाक्य असं होतं : “तुमची संख्या शून्यावर संपते, म्हणजे ती सम आहे. ती सम असूच शकत नाही. मोठ्या आकड्यांकडे नंतर बघू, आधी एवढं बघा.”

मी बघितलं, आणि लाज वाटली. पहिल्या घरात एक दाणा. त्यानंतरच्या प्रत्येक घरात २, ४, ८, १६... सगळ्या सम संख्या. सम संख्या कितीही मिळवा, बेरीज समच येते. तिच्यात पहिल्या घरातला तो एकटा दाणा मिळवला की बेरीज विषम झालीच पाहिजे. हे समजायला चौथीचं गणित पुरतं. २० अंकी संख्या डोळ्यांसमोर नसतानाही तिच्याबद्दल एक गोष्ट आपण छातीठोकपणे सांगू शकतो, आणि मी जी संख्या वाचली ती त्या पहिल्याच परीक्षेत नापास होत होती.

आता खरी संख्या काढू या. बेरीज करायची एक सोपी युक्ती आहे, ती मला फार आवडते. पटाच्या बाहेर, शेजाऱ्याकडून एक दाणा उसना आणा. तो पहिल्या घरातल्या एका दाण्याला जोडला, झाले दोन. हे दोन दुसऱ्या घरातल्या दोनांना जोडले, झाले चार. ते चार तिसऱ्या घरातल्या चारांना जोडले, झाले आठ. अशी ती ढिगली प्रत्येक घरात बरोबर दुप्पट होत पुढे सरकते. ६४वं घर ओलांडताना तिच्यात किती दाणे असतील? दोनाला दोनाने गुणत गुणत ६४ वेळा, म्हणजे २ चा ६४वा घात. आता शेजाऱ्याचा दाणा परत करा. म्हणजे एकूण दाणे झाले २ चा ६४वा घात वजा १.

हा घात काढायला ६३ गुणाकार करायची गरज नाही. २ चा वर्ग ४, त्याचा वर्ग १६, त्याचा वर्ग २५६, त्याचा वर्ग ६५,५३६, त्याचा वर्ग ४,२९,४९,६७,२९६ आणि त्याचा एकदा वर्ग केला की झालं. फक्त सहा वर्ग. शेवटचा जरा घाम काढतो, पण चौकटीच्या वहीवर अर्ध्या तासात होतो. बाईंनी तो वहीवर केला होता आणि पानाचा फोटो जोडला होता. मीही मग केला. पहिल्या वेळेला हातचा विसरलो, दुसऱ्या वेळेला जमला :

१,८४,४६,७४,४०,७३,७०,९५,५१,६१६

त्यातून एक वजा केला की शेवटी ६१५. शेवटचा अंक पाच. हाही आधीच सांगता येतो बरं का. दोनाच्या घातांचे शेवटचे अंक २, ४, ८, ६ आणि पुन्हा २, ४, ८, ६ असे फिरत राहतात. ६४ ला चारने भाग जातो, म्हणजे चक्र पूर्ण झालेलं असतं, शेवटचा अंक सहा. वजा एक, पाच.

मग मी वाचलेला आकडा कुठून आला? स्प्रेडशीट खोटं बोलत नव्हती, ती तिच्या परीने गोळाबेरीज सांगत होती. साध्या स्प्रेडशीटमध्ये संख्येचे पहिले १५ अंक दाखवतात, त्यापुढच्या जागी शून्यं भरतात. आत साठवताना संख्येचे अंक ठेवायला ५३ बिट मिळतात. त्यामुळे २ च्या ५३व्या घातापर्यंत, म्हणजे साधारण ९००७ लाख कोटींपर्यंत, प्रत्येक पूर्ण संख्या नेमकी साठवता येते. त्याच्या पुढे पट्टीवरच्या खुणा विरळ होत जातात. आपली संख्या जिथे आहे तिथे दोन खुणांमध्ये २०४८ चं अंतर असतं. म्हणून गंमत बघा, २ चा ६४वा घात काढा आणि त्यातून एक वजा करा, स्प्रेडशीट म्हणते फरक शून्य. शेजाऱ्याचा दाणा तिला दिसतच नाही.

माझी चूक होती ४८,३८५ दाण्यांची. दाणा २५ मिलिग्रॅमचा धरला, म्हणजे ग्रॅमला ४० दाणे, तर ही चूक होते साधारण एक किलो दोनशे ग्रॅम तांदळाची. (कोलम, आंबेमोहोर यांचे दाणे याहून हलके असतात. मी घरी दहा ग्रॅम कोलम मोजायला बसलो होतो, अडीचशेच्या पुढे सोडून दिला.) आणि एकूण तांदूळ किती? त्याच हिशेबाने सुमारे ४६ हजार कोटी टन. जगभरात वर्षाला साधारण ५० ते ५५ कोटी टन तांदूळ तयार होतो, तेव्हा ही रास म्हणजे साडेआठशे-नऊशे वर्षांचं पीक. एवढ्या राशीत सव्वा किलो इकडे की तिकडे, राजाला काय फरक पडणार होता?

मी बाईंना नेमकं हेच लिहिलं. जरा बचावाच्या सुरात. त्यांचं उत्तर आलं, ते मी त्यांच्या परवानगीने सांगतो.

त्यांच्या नोकरीच्या शेवटच्या वर्षी शाळेतल्या मुलींच्या शिष्यवृत्तीची यादी करायची होती. नावं, इयत्ता, बँकेचा खातेक्रमांक. कुणीतरी ती स्प्रेडशीटमध्ये भरली. काही मुलींचे खातेक्रमांक १६ अंकी होते. आता तुमच्या लक्षात आलंच असेल. १५ अंक राहिले आणि सोळाव्याच्या जागी शून्य आलं. यादी बघणाऱ्याला सगळं ठीकठाक दिसत होतं. पैसे परत आले, कारण त्या क्रमांकांची खातीच नव्हती. मग पुन्हा पासबुकं मागवा, पुन्हा यादी, पुन्हा सह्या. दोन महिने गेले. एका मुलीने तेवढ्यात सहलीचं नाव मागे घेतलं होतं, घरी पैसे मागायला नको म्हणून. बाईंनी लिहिलं होतं, “तेव्हापासून ओळीने शून्यं दिसली की मी थांबते. तुमच्या आकड्यातही ती दिसली म्हणून थांबले.”

यावर माझ्याकडे काही उत्तर नव्हतं. तांदळाची रास ही मोजमापाची गोष्ट आहे, तिथे गोळाबेरीज चालते. खातेक्रमांक हे मोजमाप नाही, ते नाव आहे. नावातलं शेवटचं अक्षर बदललं तर ते साधारण तेच नाव आहे असं आपण म्हणत नाही. आणि २ चा ६४वा घात वजा १ ही संख्या? मला वाटतं तिचंही तसंच आहे. तिचा सगळा मजा तिच्या नेमकेपणात आहे. सव्वा किलो तांदूळ बाजूला केला की ती ती राहत नाही, आणि आता जे सांगणार आहे त्यातलं काहीच उरत नाही.

शाळेतलं एक सूत्र आठवा. एखाद्या संख्येचा वर्ग वजा एक, म्हणजे त्या संख्येहून एकने लहान गुणिले एकने मोठी. दहाचा वर्ग १००, वजा एक ९९, म्हणजे ९ गुणिले ११. आपल्या संख्येत शेवटची पायरी वर्गाचीच होती. म्हणून ती लगेच फुटते :

४,२९,४९,६७,२९५ × ४,२९,४९,६७,२९७

यातली पहिली पुन्हा वर्ग वजा एक आहे, ती फुटते ६५,५३५ × ६५,५३७ अशी. ६५,५३५ फुटते २५५ × २५७. २५५ म्हणजे १५ × १७. आणि १५ म्हणजे ३ × ५. जिन्यावरून गडगडत खाली यावं तशी २० अंकी संख्या थेट तीनावर येऊन थांबते. हातात राहिलेल्या संख्या ओळीने मांडू : ३, ५, १७, २५७, ६५,५३७ आणि ४,२९,४९,६७,२९७.

गणित वाचणाऱ्यांनी ही ओळ लगेच ओळखली असेल. या फर्माच्या संख्या. सतराव्या शतकातला फ्रान्सचा पिएर द फर्मा, व्यवसायाने न्यायाधीश, गणित हौसेखातर. त्याला १६४० च्या सुमारास वाटलं की या ओळीतल्या सगळ्याच संख्या मूळ संख्या आहेत, म्हणजे एक आणि ती स्वतः सोडून कशानेच त्यांना भाग जात नाही. पहिल्या पाच खरंच तशा आहेत. सहावीबद्दल त्याची जवळजवळ खात्री होती, पण सिद्धता नव्हती. पुढची ९० वर्षं कुणाला ते खोडता आलं नाही. शेवटी १७३२ मध्ये लेओनार्ड ऑयलरने दाखवून दिलं की ४,२९,४९,६७,२९७ ला ६४१ ने भाग जातो. ६४१ × ६७,००,४१७. हा गुणाकार आता थांबून करून बघा, मी थांबतो.

ऑयलरने ६४१ शोधला कसा? एकेक मूळ संख्या घेऊन भागत बसला असता तरी ११६व्या प्रयत्नाला सापडला असता. पण त्याने आधी वेगळंच सिद्ध केलं. या संख्येला भाग जाणारी मूळ संख्या असलीच तर ती ६४ च्या पाढ्यातल्या एखाद्या संख्येहून एकने मोठी असणार. हो, ६४ च्याच. पटाच्या घरांशी याचा थेट संबंध आहे असं मी म्हणणार नाही, पण दोन्हीकडे तेच दोनाचे घात खेळतात. तर ६५, १२९, १९३, २५७... या यादीतल्या मूळ संख्या तेवढ्या घ्यायच्या : १९३, २५७, ४४९, ५७७, ६४१. पाचवीलाच दार उघडलं. भागाकार करण्याआधी कुठे भागायचं याचा विचार केला की ११६ चे पाच होतात.

भाग जातो हे भागाकार न करताही दाखवता येतं, आणि हे मला सगळ्या भागात सर्वांत सुंदर वाटतं, तेव्हा दोन मिनिटं द्या. ६४१ कडे दोन बाजूंनी बघायचं. एकीकडे ६४१ म्हणजे ६२५ अधिक १६, म्हणजे ५ चा चौथा घात अधिक २ चा चौथा घात. दुसरीकडे ६४१ म्हणजे ६४० अधिक १, आणि ६४० म्हणजे ५ गुणिले २ चा सातवा घात.

पहिल्या बाजूने : ६४१ ला २ च्या २८व्या घाताने गुणा. येतात १,७२,०६,७१,२७,२९६. याला ६४१ ने भाग जाणारच. पण ही संख्या दोन तुकड्यांची आहे, एक ६४० चा चौथा घात आणि दुसरा २ चा ३२वा घात.

दुसऱ्या बाजूने : ६४० चा चौथा घात वजा १, म्हणजे १,६७,७७,२१,५९,९९९. वर्ग वजा एकचं सूत्र दोनदा लावलं की यात ६४० अधिक १ हा अवयव सापडतो, म्हणजे यालाही ६४१ ने भाग जातो.

आता मोठीतून लहान वजा करा. ६४० चे चौथे घात एकमेकांना खाऊन टाकतात. उरतात २ चा ३२वा घात अधिक १, म्हणजेच ४,२९,४९,६७,२९७. ज्या दोघींना ६४१ ने भाग जातो त्यांच्या वजाबाकीलाही जाणारच. संपलं. फर्माचा अंदाज तीन ओळींत गेला.

तर आपल्या दाण्यांची पूर्ण ओळख अशी : ३ × ५ × १७ × २५७ × ६४१ × ६५,५३७ × ६७,००,४१७. सातही मूळ संख्या, सातही वेगवेगळ्या. म्हणून या राशीचे उरलं-सुरलं काही न ठेवता सारखे वाटे करायचे १२८ प्रकार आहेत. फर्माच्या ओळीतल्या मूळ संख्या आजपर्यंत पाचच माहीत आहेत, ३, ५, १७, २५७ आणि ६५,५३७, आणि त्या पाचही या राशीत आहेत. यातल्या ६५,५३७ शी तुमचा रोजचा संबंध येतो. इंटरनेटवर गुप्तपणे माहिती पाठवायची आरएसए नावाची पद्धत आहे, तिच्या जाहीर किल्लीत घातांक म्हणून बहुतेक वेळा हीच संख्या वापरतात.

आता पटाचा अर्धाच भाग भरा. पहिली ३२ घरं. दाणे होतात ४,२९,४९,६७,२९५, तांदूळ सुमारे १०७ टन. राजाला अजून घाम फुटलेला नसणार. हीच संख्या त्या पाच मूळ संख्यांचा गुणाकार आहे, ३ × ५ × १७ × २५७ × ६५,५३७. कार्ल फ्रीडरिश गाऊस १९ वर्षांचाही नव्हता तेव्हा, १७९६ मध्ये, त्याने शोधलं की नुसतं कर्कटक आणि खुणा नसलेली पट्टी घेऊन १७ सारख्या बाजूंची आकृती काढता येते. ग्रीकांना हे माहीत नव्हतं. पुढे ठरलं ते असं की बाजूंची संख्या विषम असेल तर ती फर्माच्या वेगवेगळ्या मूळ संख्यांच्या गुणाकाराची असली तरच आकृती काढता येते. पाच संख्या माहीत आहेत, त्यांच्यापासून असे ३१ गुणाकार होतात. त्यातला सर्वांत मोठा कोणता? अर्ध्या पटावरचे दाणे. (योहान गुस्ताव हेर्मेस नावाच्या जर्मन गृहस्थाने तर ६५,५३७ बाजूंच्या आकृतीवर दहा वर्षं घालवली. ते बाड ग्योटिंगेनला जपून ठेवलेलं आहे. छंद असावा तर असा, एवढंच म्हणतो.)

याच संख्येवरची आणखी एक गोष्ट लोक मला विचारतात, हनोईच्या मनोऱ्याची. काशीच्या देवळात सोन्याच्या ६४ चकत्या आहेत, पुजारी एकेक हलवतात, सगळ्या हलवून झाल्या की जग संपणार. कोडं फ्रान्सच्या एदुआर ल्यूकाने १८८३ मध्ये काढलं आणि काशीची गोष्टही तिकडचीच, तेव्हा काशीला जाऊन चकत्या शोधू नका. पण हालचाली मात्र नेमक्या आपल्या दाण्यांएवढ्याच लागतात. सेकंदाला एक धरली तर ५८४ अब्ज वर्षं.

मात्र दुप्पट करत दान द्यायची गोष्ट आपल्याकडे खरंच आहे, आणि तीही दंतकथा म्हणून नाही, गणित म्हणून. भास्कराचार्यांच्या ‘लीलावती’त, सन ११५०. एका माणसाने याचकाला पहिल्या दिवशी दोन कवड्या दिल्या आणि रोज दुप्पट देईन असं वचन दिलं, तर महिन्याभरात किती निष्क दिले? उत्तर येतं २,१४,७४,८३,६४६ कवड्या, म्हणजे १,०४,८५७ निष्क, ९ द्रम्म, ९ पण, २ काकिणी आणि ६ कवड्या. आता त्या शेवटच्या सहा कवड्यांकडे बघा. एक लाख निष्कांच्या वरच्या हिशेबात सहा कवड्या सोडल्या असत्या तर कुणी विचारलं असतं? घात काढायची रीतही तिथेच आहे : संख्या सम असेल तर निम्मी करा आणि ‘वर्ग’ अशी खूण करा, विषम असेल तर एक कमी करा आणि ‘गुण’ अशी खूण करा, मग उलटं येत जा. आपण वर सहा वर्गांत ६४वा घात गाठला तो याच रीतीने. अल-बीरूनीनेही पटावरचे दाणे वर्ग करत करतच मोजले होते, आणि ते भास्कराचार्यांच्याही सुमारे दीडशे वर्षं आधी.

कवड्यांचा तो आकडा मला ओळखीचा वाटला म्हणून मी पुन्हा पाहिला. २०१४ च्या डिसेंबरमध्ये यूट्यूबवर ‘गंगनम स्टाइल’ हे गाणं इतक्या वेळा पाहिलं गेलं की पाहणाऱ्यांचा आकडा मोजायची जागा पुरेना. ३२ बिटांच्या त्या मोजणीची कमाल मर्यादा होती २,१४,७४,८३,६४७. भास्कराचार्यांच्या उत्तराहून बरोबर एक जास्त. याचकाला आणखी एक कवडी मिळाली असती तर मोजणी काठोकाठ भरली असती. यूट्यूबने मग ६४ बिट घेतले. नवी मर्यादा म्हणजे पटाच्या पहिल्या ६३ घरांतले दाणे.

एक गोष्ट राहिली, ताळ्याची. मी बाईंना विचारलं की स्प्रेडशीटचा आकडा मी नऊच्या ताळ्याने तपासला असता तर पकडला असता का? त्या म्हणाल्या, करून बघा. केला. २ चा सहावा घात ६४, नऊने भागला की बाकी एक. म्हणून ६४व्या घाताची बाकी चौथ्या घाताएवढीच, म्हणजे १६ ची, सात. एक वजा, सहा. खऱ्या संख्येच्या अंकांची बेरीज ८७, आठ आणि सात पंधरा, एक आणि पाच सहा. जमला. माझ्या चुकीच्या आकड्याच्या अंकांची बेरीज ७०, म्हणजे सात. जमत नाही, चूक पकडली गेली असती.

मी खूश होऊन हे कळवलं, तर बाईंचं उत्तर : “आणि तुम्ही एक वजा करायचा विसरला असता तर?” तेव्हा माझी ट्यूब पेटली. वजा करायच्या आधीची बाकी सातच आहे. म्हणजे २ चा ६४वा घात म्हणून मी तोच चुकीचा आकडा वाचला असता, तर ताळा बिनबोभाट जमला असता. ताळा जमला नाही तर उत्तर चूक, हे नक्की. ताळा जमला तर उत्तर बरोबरच असेल असं नाही. हे त्यांनी आयुष्यभर मुलींना सांगितलं, आणि मी शाळेत ऐकूनही विसरलो होतो.

तर आता दुरुस्ती. मागचा भाग मी काढून टाकलेला नाही. जिथे आकडा येतो तिथे दुरुस्तीची चिठ्ठी जोडली आहे. बाईंची अट होती की दुरुस्ती नुसती लिहायची नाही, बोलूनही दाखवायची, आणि तीही ‘लाख कोटी कोटी’ असं न करता. ‘लीलावती’त एकापासून परार्धापर्यंत १८ स्थानांची नावं आहेत, ती घेऊन. सराव करून आलोय. बुद्धिबळाच्या पटावरचे एकूण दाणे : १८४ परार्ध, ४ मध्य, ६ अन्त्य, ७ जलधी, ४ शंकू, ४ महापद्म, निखर्व नाही, ७ खर्व, ३ अब्ज, ७ अर्बुद, कोटी नाही, ९ प्रयुत, ५ लक्ष, ५ अयुत, १ सहस्र, ६ शत, १ दश आणि ५.

ठरलेला विषय पुढच्या आठवड्यात. टिपणं बाईंना आधी पाठवली आहेत.